आईचं ड्रेसिंग टेबल

ड्रेसिंग टेबल दारातून आत जाईना. आडवं केलं, उभं केलं, तिरकं करून पाहिलं, तरी एक पाय चौकटीला अडायचाच. माझा नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. घरातली कुठलीही वस्तू हलवायची झाली की तो शिकाऊ माणसाला द्याव्यात तशा सूचना द्यायला लागतो. "थोडं रिव्हर्स... अजून... आता पूर्ण डावीकडे कापा... ब्रेक!"

सुतार हसला नाही. त्यानं टेबल खाली टेकवलं, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "आरसा वेगळा करावा लागेल. जमलं तर पाय पण."

आई बाहेर सोफ्यावर बसून हे सगळं बघत होती. बघत होती म्हणजे तिचं तोंड तिकडे होतं.

खोली माझ्या लेकीची. ती शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा ती आईची झाली. एक पलंग, भिंतीतलं कपाट, खिडकी, आणि मधे एका माणसाला वळता येईल एवढी जागा. टेबल ठेवायला पलंगासमोरची एकच भिंत होती. ते तिथे बसलं आणि त्या दिवसापासून खोलीचं दार अर्धंच उघडायला लागलं. आत जाताना पोट आत घ्यावं लागायचं.

"अगं, पण कशाला एवढा खटाटोप?" सुतार स्क्रू पिळत असताना नवरा मला हळूच म्हणाला. "त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही. आरसा काय करायचाय?"

तो वाईट मनानं म्हणाला नव्हता. आईचं जुनं घर रिकामं करताना मी बाकी सगळं वाटून टाकलं होतं, हे एवढंच देववलं नव्हतं.

आईचं घरातच बायकांचं पार्लर होतं. बाहेरच्या खोलीत हे टेबल, पुढे गोल स्टूल, आणि भिंतीला लागून वाट बघणाऱ्यांसाठी बाकडं. मी त्या बाकड्यावर बसून अभ्यास करायची. आई स्टुलामागे उभी असायची, हात गिऱ्हाइकाच्या केसांत आणि नजर समोर काचेत. ती सगळ्यांशी आरशातूनच बोलायची. कुणाची सून कशी वागते, कुणाचा नवरा कुठे जातो, सगळं आरशातून. मी फार मस्ती केली तर मान न वळवता ती काचेतूनच डोळे वटारायची. तेवढं पुरायचं.

सुतार आरसा बसवून गेला. मी आईला हाताला धरून आत आणलं आणि स्टुलावर बसवलं. आमच्याकडे आल्यापासून ती सतत चुळबुळत असायची, पदर चिवडायची, उठून दार शोधायची. स्टुलावर बसल्या बसल्या ती शांत झाली. न बघता तिचा हात उजव्या खणाकडे गेला, तिनं तो उघडला आणि आत कंगवा चाचपला. मग माझ्याकडे वळून, अगदी ओळखीच्या आवाजात म्हणाली, "बसा हं ताई. नंबर आला की बोलावते."

आजारात आई एकेक करून सगळ्यांना विसरत गेली होती. सगळ्यात शेवटी मला विसरली, एवढंच काय ते समाधान.

डॉक्टरांना मी आरशाबद्दल आवर्जून विचारलं. ते म्हणाले, असे पेशंट कधीकधी आरशातल्या स्वतःला ओळखत नाहीत. खोलीत कुणी परकं शिरलंय असं वाटून घाबरतात. तसं दिसलं तर आरसा झाकून टाका. पण आई घाबरत नव्हती. मी निर्धास्त झाले.

मी एक्स-रे काढते. सकाळची पाळी असते. "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा," असं दिवसभर म्हणत राहायचं. आमच्या कामात एक शिस्त असते. जे फिल्मवर आलंय तेच आलंय, त्याचा अर्थ लावणं डॉक्टरचं काम. पेशंटचे नातेवाईक काकुळतीला येऊन विचारतात, "काही दिसतंय का हो?" तेव्हा मी चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही. ही सवय मला घरीही लागली होती.

दुपारी मी घरी आले की आईला सांभाळायला येणाऱ्या मावशी निघायच्या. मी जेवायची, आईला भरवायची आणि मग तिला स्टुलावर बसवून केस विंचरायची. तिच्या केसांत अजून जीव होता. खिडकीतून ऊन यायचं, ते काचेवर पडून छताला लागायचं. दिवसभरातला तो वेळ मला आवडायला लागला.

अशाच एका दुपारी अंबाडा बांधताना मी सहज समोर पाहिलं. आरशातून आई माझ्याकडे बघत होती.

मला बरं वाटलं. मी वाकून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिची नजर खाली, मांडीवरच्या हातांवर होती. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, खालचा ओठ सुटलेला. मी परत आरशात पाहिलं. मान तशीच खाली, ओठही तसाच सुटलेला. पण डोळे वर होते आणि माझ्यावर होते.

काच जुनी होती. कडेला पारा उडाला होता. मागून वाकून बघितलं की कोन बदलतो. मी स्वतःला हे सगळं सांगितलं आणि ते पटलंही. तरी मी फोन काढून आरशाचा फोटो घेतला. फोटोत आई इकडेही खाली बघत होती आणि तिकडेही.

फोटोत आलं नाही म्हणजे नाही. मी फोटो पुसून टाकला आणि समोर पाहिलं. आरशातल्या आईच्या ओठांच्या कडेला हसू आलं होतं. गिऱ्हाईक उगाच नखरे करायला लागलं की यायचं, तसं.

त्यानंतर मी रोज बघायला लागले. रोज काहीतरी थोडं जास्त असायचं. एकदा मी खिडकी लावायला गेले तर काचेतले डोळे माझ्या मागोमाग खिडकीपर्यंत आले. एकदा मी चिमट्याऐवजी पिन लावली तर काचेतल्या भुवया वर गेल्या. आणि एका दुपारी, स्टुलावरच्या आईचं तोंड घट्ट मिटलेलं असताना, आरशातल्या आईचे ओठ हलले. आवाज नव्हता. पण तो शब्द मला वाचता आला.

"ठकू."

मला त्या नावानं हाक मारणारं जगात दुसरं कुणी नाही.

मी दुसऱ्या दिवशी आमच्याच दवाखान्यात डोळे तपासून घेतले. नजर स्वच्छ होती. मग मी नवऱ्याला खोलीत बोलावलं. काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, "जरा आईचे खांदे धर, मला मागचे केस कापायचेत."

तो पोट आत घेऊन दारातून आत आला. माझ्या शेजारी उभा राहिला, खांदे धरले आणि समोर आरशात बघून मोकळेपणानं म्हणाला, "अरे वा! आज आई खुशीत दिसतायत." मग त्यानं मान खाली घालून, हाताखालच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

त्यानं पुन्हा वर पाहिलं नाही. मी कात्री खाली ठेवेपर्यंत थांबला आणि बाहेर गेला.

रात्री जेवताना मी विचारलं, "काय दिसलं तुला?"

"काही नाही."

"मग गप्प का झालास?"

"मला त्या खोलीत बोलावत जाऊ नकोस," तो म्हणाला, आणि ताट उचलून उठला.

घाबरायला हवं होतं, हे मला कळतं. मी नाही घाबरले. आई जिवंत असून मी कितीतरी दिवस आईविना होते, आणि आता ती समोर बसून माझ्याकडे बघत होती. मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली. लेक तिकडे कुणाच्या तरी प्रेमात पडलीये. कामावर नवीन आलेली मुलगी माझ्यावर साहेबी करते. नवऱ्याचा गुडघा दुखतो पण तो दाखवत नाही. आरशातली आई ऐकायची. हसायची, कपाळाला आठी घालायची, "जाऊ दे गं" म्हणून एक हात झटकायची. इकडे आईचे दोन्ही हात मांडीवर तसेच पडलेले असायचे.

मी कामावरून लवकर निघायला लागले. मावशींना लवकर घरी पाठवायला लागले. जेवण राहिलं तरी चालायचं.

अडचण एकच होती. आई समोर बसली तरच ती दिसायची. पलंगावर निजवलं की आरशात नुसती पलंगावर निजलेली म्हातारी यायची. त्यामुळे मी तिला बसवायची. सुरुवातीला तासभर. मग दुपारभर. तिची मान कलंडायला लागली, तशी मी उशी लावली. स्टुलाला पाठ नव्हती, म्हणून जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणली. ती खुर्चीतून घसरायला लागली, तेव्हा चादरीची घडी करून तिच्या कमरेभोवती घेतली आणि मागे गाठ मारली. तिला लागू नये म्हणून गाठीखाली टॉवेल ठेवला. एवढी मी तिची काळजी घेत होते.

ती कधीकधी कण्हायची. मी म्हणायची, "हो हो, झालं हं, पाच मिनिटं," आणि माझी नजर समोर असायची. खरं सांगायचं तर ती मध्ये यायची. तिला भरवायचं, तिचं ओलं बदलायचं, तिचं तोंड पुसायचं, तेवढा वेळ आरशाकडे पाठ करावी लागायची. मी ते घाईघाईनं उरकायची. तिच्या हनुवटीवर दूध वाळलेलं राहायचं. आरशातली आई मात्र भरत चालली होती. गालांवर रंग आला होता, मानेची कातडी घट्ट झाली होती. अंबाडा मी इकडे सैल बांधला तरी तिकडे चापून बसायचा.

एक दिवस मावशी दारातच थांबल्या होत्या. मी आत येऊ लागले तर बाजूला झाल्या नाहीत.

"माकडहाडापाशी लाल झालंय त्यांच्या," त्या म्हणाल्या. "कातडी जाईल आता. माझ्या वेळेला मी कुशीवर वळवते. तुम्ही बसवून ठेवता ना?"

"बसल्यानं फुप्फुसं मोकळी राहतात," मी म्हटलं.

"तुम्हाला जास्त कळतं," त्या म्हणाल्या, आणि चपला घालून गेल्या. जाताना त्या बाहेर गाडी धूत असलेल्या माझ्या नवऱ्याशी बोलल्या. मी खिडकीतून पाहिलं.

तो ओल्या हातांनी आत आला. खोलीत नाही, दारापर्यंत. मी तेव्हा चादरीची गाठ मारत होते.

"सोड ती," तो म्हणाला.

"थोडा वेळ."

"अगं, तू नक्की कुणाचं करतेयस?" त्याचा आवाज चढला नव्हता, तो उलट फार खाली गेला होता. "आई ही आहे. ही. हिच्या अंगावर किती मांस राहिलंय ते बघ एकदा."

मी गाठ पुरी केली. तो गेल्यावर मी समोर पाहिलं आणि सवयीनं हसले.

आरशातली आई हसली नाही. तिनं मान वाकवली आणि आपल्या पुढ्यात, काचेच्या अलीकडे बसलेल्या आईकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिनं तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं होतं. खूप वेळ पाहिलं. मग डोळे वर करून मला म्हणाली. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, म्हणजे मला वाचता यावं.

"निजव तिला."

मी मान हलवली.

"ठकू, निजव."

"नाही," मी मोठ्यांदा म्हटलं. "मग तू दिसणार नाहीस."

तिनं डोळे वटारले. लहानपणी तेवढं पुरायचं. मी कंगवा घेतला आणि विंचरत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला खुर्चीत बसवलं, उशी लावली, गाठ मारली, आणि समोर पाहिलं.

आरशात मी होते. माझ्यापुढे आई होती. पण तिचा चेहरा नव्हता. मला तिची पाठ दिसत होती. पाठ, मान, आणि मानेवर नुकताच मी बांधलेला अंबाडा.

मी खाली पाहिलं. माझ्या हाताखाली तोच अंबाडा. वर पाहिलं. तोच.

"आई," मी म्हटलं.

अंबाडा हलला नाही.

"आई, बघ ना इकडे. बघ ना गं."

मी खुर्ची फिरवली. आईचं तोंड खिडकीकडे केलं, पलंगाकडे केलं. आरशात पाठच होती. मी काचेवर हात आपटला. मी आईचे खांदे धरले आणि हलवले. तिची मान पुढे-मागे गेली आणि आरशातला अंबाडा नुसता थरथरला.

माझ्या घशातून कसलातरी आवाज निघाला असावा.

तेव्हा खुर्चीतल्या आईनं हात उचलला. खूप कष्टानं तिनं तो माझ्या मनगटावर ठेवला. कित्येक आठवड्यांत तिनं एक शब्द काढला नव्हता.

"ताई," ती म्हणाली. आवाज कोरडा, कागद चुरगळल्यासारखा. "रडू नका. कुणीतरी येईल तुम्हाला न्यायला."

मी तिच्याकडे पाहिलं. आरशाकडे नाही. तिचे डोळे माझ्यावर होते. त्यांत ओळख नव्हती. पार्लरच्या बाकड्यावर रडत बसलेल्या कुठल्याही परक्या बाईकडे तिनं असंच पाहिलं असतं.

मी गाठ सोडली. चादर तिच्या कमरेला रुतली होती, तिथे खोल वळ उठला होता. मी तिला उचललं. उचलायला काही जड नव्हतं. पलंगावर कुशीवर निजवलं, पाय पोटाशी घेऊ दिले, आणि तिच्या मागे, भिंतीकडे तोंड करून मीही पडले.

त्यानंतर मी तिला खुर्चीत बसवलं नाही. आरशावर चादर टाकली. औषध लावलं, दर थोड्या वेळानं कूस बदलली, चमच्याचमच्यानं पाणी दिलं. एक दिवस जाताना मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आई थोडेच दिवस राहिली. सकाळी, मी गादीची चादर बदलत असताना गेली. मला ते लगेच कळलंही नाही.

लेक येऊन गेली. माणसं येऊन गेली. घर शांत झालं, तेव्हा नवरा म्हणाला, "ते टेबल काढूया का आता?"

मी म्हटलं, "काढूया."

त्यानं सुतारालाच बोलावलं. तो दुपारी आला, बाहेर पिशवी उघडून हत्यारं काढायला लागला. आरशावरची चादर काढून ठेवावी म्हणून मी खोलीत गेले. पोट आत घ्यायची गरज राहिली नव्हती, मी फार वाळले होते.

चादर ओढली. ऊन काचेवर आलं, छताला लागलं.

आरशात खोली होती. रिकामा पलंग, उघडं कपाट, खिडकी. मधे मी. बाकी कुणी नाही. मी नीट पाहिलं, कोपरे पाहिले, पलंगाखाली पाहिलं. कुणीही नव्हतं. मला हायसं वाटलं. तरी मी आणखी एकदा पाहिलं. मी स्टूल ओढून बसले.

आई गेल्यापासून मी केसांना हात लावला नव्हता. त्यांच्या जटा झाल्या होत्या. मी डोक्यावर हात फिरवला, बोटं अडकली.

काचेतल्या माझ्या डोक्यावर मात्र सरळ भांग पाडलेला होता.

मी हात खाली घेतला. तिकडे केस दोन्ही बाजूंनी मागे घेतलेले होते, नीट, कानामागून, एकही बट सुटलेली नाही. तिकडे माझे डोळे मिटलेले होते. आणि तिकडचं माझं डोकं दर थोड्या वेळानं किंचित मागे जात होतं आणि परत जागेवर येत होतं. कुणीतरी मागून पेड घट्ट ओढून घ्यावा, तसं.

मी किती वेळ बसले होते, ठाऊक नाही. सुतार दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता.

"ताई, उतरवू ना आरसा?"

"थांबा थोडं," मी मान न वळवता म्हटलं. "अजून अर्धी वेणी बाकी आहे."